तिरपा गट: साइट नसलेल्या रिकर्व्हचं एक प्रकरण

साठीला टेकलेले एक गृहस्थ, भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. धनुष्य ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, सुटं करता येणारं), लाकडी रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग, आणि ४५ पौंडांचे लिंब म्हणजे वरची-खालची वाकणारी पाती, जी ओढायला तेवढा जोर लागतो. साइट (नेम धरायची खूण) नाही, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) नाही, क्लिकर (पुरतं ओढलं की टिक वाजवणारी पट्टी) नाही. बाण रायझरच्या शेल्फवरूनच, म्हणजे मुठीवरच्या खाचेवरूनच सुटतो. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून एकट्याने बराच सराव केलेला. तक्रार अशी की २० मीटरवरून सहा बाण मारले तर एखाददुसरा पिवळ्यात, म्हणजे मधल्या वर्तुळात जातो, बाकीचे कुठेही पडतात, कधी टार्गेटचा फोम सोडून मागच्या मातीत. आणि पिवळ्यात गेलेला बाण नेमका कशामुळे गेला, हेही सांगता येत नाही.

आमचा सराव नागपुरात काटोल रोडच्या पुढे एका ओळखीच्या शेतात चालतो. टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध आहे आणि बांधापलीकडे वहिवाट नाही. तिथे सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो. ते वयाने मोठे असूनही मला सर म्हणतात. दसऱ्यानंतर पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "सर, नेम कसा धरायचा तेवढं सांगा फक्त. बाकी जमते मले."

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण हाच प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ असतात. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सुवर्ण जिंकलं, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन. मला भेटणाऱ्या नव्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव असतंच, आणि त्याच्या स्थिर हाताचे व्हिडिओ पाहून लोक बिनसाइटचं धनुष्य विकत घेतात. पण कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे बहुतांश वजन उतरतं, दोरीत पीप (आरपार पाहायचं छोटं भोक) असतो, पुढे भिंग असतं, दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या हातातल्या खटक्याने सुटते. साध्या रिकर्व्हमध्ये उलट आहे. जितकं ओढाल तितकं वजन वाढत जातं आणि सगळ्यात जास्त वजन हातात असतं तेव्हाच नेम धरायचा असतो. दोरी बोटांवरून सुटते. म्हणून इथे नेमाचा विचार वेगळ्या क्रमाने करावा लागतो.

काकांनी आतापर्यंत तीन पद्धती बदलल्या होत्या. आधी इन्स्टिंक्टिव्ह, म्हणजे फक्त लक्ष्याकडे पाहायचं आणि हात आपोआप जुळू द्यायचा. ते जमेना म्हणून गॅप, म्हणजे बाणाचं टोक लक्ष्याच्या अमुक इतकं खाली ठेवायचं. तेही जमेना म्हणून स्ट्रिंग वॉकिंग, म्हणजे अंतराप्रमाणे बोटं दोरीवर खाली सरकवायची. प्रत्येक पद्धतीत पहिले काही दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी खूण होती. तीन वेगळ्या पद्धतींनी एकच दोष राहत असेल तर तो पद्धतीच्या आधीच्या टप्प्यात शोधायला हवा.

कागदावर काय दिसलं

पहिल्या दिवशी मी त्यांना काहीही शिकवलं नाही. २० मीटरवर ८० सेंटिमीटरचा कागद लावला आणि त्यांना नेहमीसारखे बाण मारायला सांगितलं. प्रत्येक फेरीनंतर बाण उपटण्याआधी प्रत्येक भोकाशेजारी पेनाने क्रमांक लिहिला: पहिला बाण, दुसरा, तिसरा. बाणांच्या नॉकवर (दोरीत बसणाऱ्या मागच्या खाचेवर) आधीच आकडे घातले होते, त्यामुळे क्रम चुकण्याचा प्रश्न नव्हता. फोमबाहेर गेलेलेही अंदाजाने कागदाच्या कडेला मांडले.

एका फेरीत काहीच कळत नाही. पण तोच कागद सकाळभर ठेवला आणि भोकं वाढत गेली, तसा आकार दिसायला लागला. बाण विखुरलेले नव्हते. वर उजवीकडून खाली डावीकडे उतरणारा एक तिरपा पट्टा होता. पट्ट्याची रुंदी फार नव्हती, लांबी मात्र भरपूर होती. आणि १, २ हे आकडे बहुतेक वरच्या टोकाला होते, ५, ६ खालच्या टोकाला.

नेम खराब असलेल्या माणसाचे बाण सहसा असे रांगेत पडत नाहीत. नजर चुकते तेव्हा कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, असं सगळीकडे होतं. इथे वर-खाली आणि डावं-उजवं हे दोन दोष एकमेकांना बांधलेले होते. म्हणजे कुठलीतरी एकच गोष्ट बदलत होती आणि ती दोन्हीकडे परिणाम करत होती. शिवाय ती फेरी पुढे सरकेल तशी एकाच दिशेने बदलत होती. साइट नसलेल्या धनुष्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने सल्ला मागण्याआधी असा एक कागद करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. त्याला खर्च नाही आणि तो खोटं बोलत नाही.

खुलासा मोजमापाने झाला. एका बाणाच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, टोकाकडून अर्ध्या-अर्ध्या इंचावर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. काकू बरोबर आल्या होत्या, त्यांनी बाजूला उभं राहून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शेल्फपाशी बाण कुठपर्यंत येतो ते टिपलं. पहिल्या बाणांना काका सुमारे २७ इंच ओढत होते. शेवटच्या बाणांना साडेपंचवीसच्या आसपास. व्हिडिओ बघण्याआधीच काकू म्हणाल्या होत्या, "अहो, पहिल्या दोन बाणाले हात तोंडापाशी पुरा येते तुमचा. मंग गालाच्या पुढंच राह्यते." काकांना स्वतःला हे अजिबात जाणवत नव्हतं. थकलेल्या हाताला अपुरा ड्रॉसुद्धा (ड्रॉ म्हणजे दोरीची ओढ) पुराच वाटतो.

दीड इंचाचा हिशोब

धनुष्यावर लिहिलेलं वजन २८ इंच ड्रॉला धरून असतं. ६२ इंची रिकर्व्हमध्ये त्या भागात दर इंचाला साधारण अडीच पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे काकांच्या हातात २७ इंचाला सुमारे साडेबेचाळीस पौंड होते आणि साडेपंचविसाला एकोणचाळीसच्या आत. पण नुकसान वजनापुरतं नाही. दोरी बाणाला जितकं अंतर ढकलते तेही दीड इंचाने कमी होतं. दोन्ही मिळून बाणाला मिळणारी ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि वेग ८ टक्क्यांच्या आसपास. सेकंदाला ४९ मीटरने जाणारा बाण ४५ ने जायला लागला तर २० मीटरवर तो साधारण १५ सेंटिमीटर खाली पडतो. ८० सेंटिमीटरच्या कागदावर एक कडं ४ सेंटिमीटरचं. म्हणजे नेम अगदी तोच असताना जवळजवळ चार कड्यांचा फरक.

डावी-उजवी गोष्ट बाणाच्या कडकपणाची होती. काकांकडे ४०० स्पाइनचे कार्बन बाण होते. स्पाइन म्हणजे २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं तर तो किती वाकतो, ते. ०.४०० इंच वाकला तर ४००, ०.६०० वाकला तर ६००. आकडा मोठा तर बाण लवचिक. बोटांवरून दोरी सुटताना ती किंचित बाजूला सरकते, बाण वाकतो, रायझरला वळसा घालून पुन्हा सरळ होतो. हे वाकणं धनुष्याच्या जोराशी जुळलं तर बाण नजरेच्या रेषेत जातो. बाण फार कडक असला तर पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो. (डाव्या हाताने ओढणाऱ्याचं सगळं उलट.) काकांचा बाण पूर्ण ड्रॉलाही कडकच होता, पण त्याची भरपाई ते नकळत उजवीकडे नेम धरून करत होते. ड्रॉ कमी झाला की जोर कमी, जोर कमी झाला की तोच बाण आणखी कडक. म्हणून खाली पडणारा बाण डावीकडेही पडायचा. तिरप्या पट्ट्याचं कोडं इथे सुटलं.

या स्थितीत गॅप पद्धत चालणं शक्यच नव्हतं. गॅप हा ठराविक वेगाच्या बाणाचा आकडा असतो. वेगच दर बाणाला बदलत असेल तर काकांची गॅपची वही, जी त्यांनी भूकरमापकाच्या नेटक्या अक्षरात भरली होती, ती दर फेरीत जुनी होत होती.

जे दोष नव्हते, आणि एक अर्धा दोष

डोळा तपासला. दोन्ही हात लांब करून बोटांत छोटी फट ठेवायची, त्यातून दूरची वस्तू पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. काकांचा उजवा डोळाच प्रबळ निघाला. तो डावा असता तर डावीकडे जाण्याचं कारण तिथेही असू शकलं असतं. अंतराचा अंदाज तर त्यांचा माझ्यापेक्षा चांगला. आयुष्य शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेलं, नुसत्या नजरेने सांगितलेलं अंतर टेपने मोजलं की थोडक्याच फरकाने चुकायचं. ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि हँडलच्या खाचेतलं अंतर, पावणेआठ इंच होतं, या लांबीच्या धनुष्याला योग्यच.

अर्धा दोष चष्म्याचा होता. काका बायफोकल लावतात. मान ताजी असताना ते वरच्या भिंगातून पाहायचे. दमले की हनुवटी वर जायची, नजर खालच्या वाचायच्या भिंगात उतरायची आणि त्या सीमेवर चित्र उडी मारतं. त्यातून डोकं वळलेलं असल्यामुळे उजवा डोळा चष्म्याच्या नाकाकडच्या कडेतून पाहतो, तिथे फ्रेमचीही अडचण. त्यांनी फक्त लांबचा नंबर असलेला, मोठ्या काचेचा साधा चष्मा करून घेतला. बाणाचं टोक त्यातून थोडं पुसट दिसतं, पण ते तसंच हवं. नजर लक्ष्यावर पक्की असावी आणि टोक तिच्या कडेला आहे एवढंच जाणवावं. दोन्हीकडे स्पष्ट पाहण्याच्या धडपडीत डोळा पुढे-मागे धावत राहतो.

वजन उतरवण्याचा वाद

माझा पहिला सल्ला ३५ पौंडांचे लिंब लावण्याचा होता. टेकडाउन धनुष्याचा हाच फायदा, रायझर तोच ठेवून लिंब बदलता येतात. काकांना ते मुळीच पटलं नाही.

"सर, पंचेचाळीस पौंड ओढून राहिलो नं मी. मंग पस्तीसवर काऊन यायचं? पोरं ओढतात तेवढं."

मी म्हटलं, "काका, ओढता तुम्ही, त्यात शंका नाही. ओढून अँकरवर (ओढलेला हात तोंडापाशी टेकतो त्या जागी) दहापर्यंत मोजा. बाण सोडायचा नाही, हळूच उतरवायचा."

सहाच्या आतच डावा खांदा कानाकडे चढला, उजवं कोपर पुढे सरकलं आणि बाणाचं टोक शेल्फवर पुढे घसरायला लागलं. त्यांनी धनुष्य नीट उतरवलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंगवा लिंब."

अँकरवर दहा सेकंद, हात न थरथरता आणि बाण पुढे न सरकता, ही माझी साधी कसोटी आहे. ती सहा बाणांच्या फेरीच्या शेवटी लावायची, सुरुवातीला नाही. साइट नसलेल्या धनुष्याला जास्त वजन लागतं, नाहीतर बाण सरळ जात नाही, असा एक समज आपल्याकडे पसरलेला आहे आणि त्याने फार लोकांचं नुकसान केलं आहे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो (बिनसाइटच्या) प्रकारात मैदानी स्पर्धेचं अंतर ५० मीटर असतं, त्यालासुद्धा ३५-४० पौंडांत नीट पोचता येतं. कागदाला भोक पाडायला पौंड लागत नाहीत. शिकारीचा तर विषयच नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे.

टोक पिवळ्याला लागलं की बोटं सुटतात

नवे लिंब आल्यावर ड्रॉ लगेच एकसारखा होईल अशी काकांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. वजन कमी झालं, हात पुरा येऊ लागला, पण टार्गेटवर कागद लावला की पुन्हा दर दुसऱ्या-तिसऱ्या बाणाला दोरी अँकरच्या आधीच सुटायची. कागद काढून नुसत्या फोमवर मारलं की नाही सुटायची. म्हणजे आता स्नायूंचा प्रश्न राहिला नव्हता.

याला टार्गेट पॅनिक म्हणतात. डोळ्याला बाणाचं टोक हव्या जागी दिसलं की बोटं हुकमाची वाट न पाहता सुटतात. काहींचं उलट होतं, टोक लक्ष्याच्या खालीच थिजतं, वर येतच नाही. मोठमोठ्या धनुर्धरांना हे झालेलं आहे, ते भित्रेपणाचं लक्षण नाही. वर्षानुवर्षं 'दिसलं' आणि 'सोडलं' या दोन गोष्टी एकत्र घडल्या की मेंदू त्यांची एकच गाठ मारतो. ती गाठ सोडवावी लागते, आणि जोर लावून ती सुटत नाही.

आम्ही सगळा हिवाळा यावर घालवला, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं खरं काम तेच. सुरुवात तीन-चार मीटरवर, कागदाशिवाय, डोळे मिटून. बाण कुठे लागला ते पाहायचंच नाही. पाहायचं ते शरीरात: डाव्या तळहातावर धनुष्याचा दाब अंगठ्याच्या मुळाशी आहे का, बाकीची बोटं सैल आहेत का. उजव्या हाताची तर्जनी ओठाच्या कोपऱ्यात बसली का, आणि बाणाचं वरचं पीस नाकाच्या शेंड्याला टेकलं का. हे दुसरं टेकणं मी सगळ्यांना घ्यायला लावतो. एकच खूण असेल तर डोकं थोडं पुढे-मागे झालं तरी कळत नाही. दोन खुणा एकदम जुळायच्या असतील तर डोकं, हात आणि दोरी तिन्ही एका जागी यावेच लागतात. त्यानंतर उजव्या खांद्याचं पातं पाठीच्या कण्याकडे सरकवत राहायचं. बोटं उघडायची नाहीत, त्यांतला ताण जाऊ द्यायचा, म्हणजे हात आपसूक मानेवरून मागे जातो. काकांचा हात सुरुवातीला सुटताना पुढे यायचा. तोही ड्रॉ कमी करणारा दोष होता.

मग कागद आला, पण बाण सोडायचा नाही या अटीवर. ओढायचं, अँकर, टोक जागेवर आणायचं, तिथे ठेवायचं, मनात चार मोजायचं आणि सावकाश उतरवायचं. दोरी हातातून सोडायची नाही, बाणाशिवाय तर कधीच नाही, रिकाम्या सुटीने लिंब फाटू शकतात. पहिल्या सकाळी काकांना हे बाण मारण्यापेक्षा अवघड गेलं. सोडायचंच नाही हे ठरलेलं असूनही दोन वेळा बाण गेलाच. पुढे पुढे टोक पिवळ्याखाली शांत उभं राहायला लागलं. मग मिश्रण केलं: प्रत्येक वेळी पूर्ण अँकरवर आल्यानंतर काकू मागून "हं" किंवा "उतरवा" म्हणायच्या, आणि त्याप्रमाणे करायचं. निर्णय डोळ्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे दिला की बोटांना वाट पाहण्याची सवय लागते. कालांतराने तो हुकूम काकांनी स्वतःकडे घेतला. आता ते पिसाचा नाकाला स्पर्श आणि पाठीतला ताण, दोन्ही जाणवल्यावरच सोडतात.

धनुष्य न मारता उतरवणं म्हणजे हार, ही भावना त्यांच्या मनातून जायला मात्र बराच काळ लागला. अजूनही कुणी पाहुणा बघत उभा असला की ते उतरवायला संकोचतात.

बाण जुळवणं

ड्रॉ २७ इंचांवर स्थिर झाल्याशिवाय मी नवे बाण घेऊ दिले नाहीत. बदलत्या ड्रॉला कुठला बाण जुळवणार? फेब्रुवारीत ६०० स्पाइनचे पूर्ण लांबीचे शाफ्ट घेतले, पिसं पक्ष्याचीच. शेल्फवरून मारताना प्लास्टिकच्या पात्या लाकडावर आपटून बाणाला झटका देतात, पीस दबून निघून जातं.

तपासणी बिनपिसाच्या बाणाने. १२ मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसाचा एक. बिनपिसाचा डावीकडे गेला तर बाण कडक, उजवीकडे गेला तर नरम. १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) टोकाने तो जरा डावीकडे राहत होता, १२५ ग्रेनचं टोक लावल्यावर गटाच्या शेजारी आला. पुढचं वजन वाढलं की शाफ्ट जास्त वाकतो, म्हणून. वर-खालीचं काम दोरीवरच्या नॉकिंग पॉइंटचं, म्हणजे बाणाची खाच जिथे बसते त्या खुणेचं. बिनपिसाचा खाली पडत असेल तर नॉकिंग पॉइंट फार वर आहे, वर पडत असेल तर फार खाली. काका तिन्ही बोटं बाणाच्या खाली धरतात, त्यांना तो काटकोनाच्या वर सुमारे १४ मिलिमीटरवर जुळला. हे मोजायला टी आकाराची बो स्क्वेअर पट्टी लागते, नजरेने होत नाही.

कागदावरचा तिरपा पट्टा त्यानंतर उरला नाही. २० मीटरवर बहुतेक बाण लालच्या आत, म्हणजे ३२ सेंटिमीटरच्या वर्तुळात येऊ लागले. जो बाहेर जायचा तो का गेला, हे काका बाण लागायच्या आधी सांगू लागले. माझ्या लेखी खरी प्रगती हीच.

मग नेम

आता गॅपची वही पुन्हा उघडली. पद्धत सोपी: प्रत्येक अंतरावर टोक पिवळ्याच्या मध्यावर ठेवून मारायचं आणि बाण किती वर लागतो ते मोजायचं. तेवढंच टोक खाली धरायचं. काकांनी दोन-तीन मीटरच्या पायरीने मोजलं आणि आलेखाच्या कागदावर मांडलं. १० मीटरला सुमारे अर्धा मीटर, १५ आणि २० मीटरला ५५ ते ६० सेंटिमीटर, २५ ला ४३ च्या आसपास, ३० ला २० च्या आत, आणि ३२-३३ मीटरला शून्य, म्हणजे टोक सरळ पिवळ्यावर.

काका आलेख घेऊन आले आणि म्हणाले, "सर, कायतरी चुकलं वाटते. पंधरा न वीस सारखंच येऊन राहिलं."

चुकलं नव्हतं. बाण डोळ्याच्या खालून निघतो आणि नजरेच्या रेषेला वर छेदून जातो, मग वळून ३२ मीटरवर पुन्हा त्या रेषेवर येतो. मधे त्याची कमान सगळ्यात उंच असते ती साधारण अर्ध्या अंतरावर, १६ मीटरच्या आसपास. कमानीच्या माथ्यापाशी उंची हळू बदलते. म्हणून १२ ते २० मीटरपर्यंत जवळपास एकच गॅप चालतो. १८ मीटरचं टार्गेट १५ चं समजलं तरी बाण एक-दोन सेंटिमीटरनेच हलतो. शिकाऊ माणसाने इथे वेगवेगळे आकडे पाठ करण्यात डोकं शिणवू नये. एक गॅप पक्का करावा आणि सगळं लक्ष ड्रॉवर द्यावं. हाच एक पक्का गॅप पुढे सवयीने इतका मुरतो की माणसाला वाटतं आपण अंदाजाने मारतो आहोत.

स्ट्रिंग वॉकिंग आम्ही बाजूला ठेवलं. ते अचूक आहे, बेअरबोच्या स्पर्धेत सर्रास वापरतात. पण बोटं दोरीवर खाली सरकली की वरच्या आणि खालच्या लिंबवरचा ताण बदलतो आणि प्रत्येक सरकवणीला जुळवणी थोडी हलते. काकांचा हात स्थिर झाल्याला फार दिवस झालेले नाहीत.

वैशाख

उन्हाळ्यात नागपुरात पारा पंचेचाळिशीपार गेला आणि प्रकरणाने एक वळण घेतलं. सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आवरायचं, तरी बाण पुन्हा जागा सोडू लागले. या वेळी गट तिरपा नव्हता, सगळाच्या सगळा वर सरकला होता. तोच कागद, तीच पेनाची पद्धत, आणि वेगळा आकार म्हणजे वेगळं कारण. ब्रेस हाइट मोजली तर ती सव्वासातवर आली होती. डेक्रॉनची नवी दोरी वापराने आणि उष्णतेने ताणली गेली होती. पीळ वाढवून ती पुन्हा पावणेआठवर आणली आणि गट जागेवर आला. तेव्हापासून ते सरावाआधी रोज बो स्क्वेअर लावतात. धनुष्य बंद गाडीत ठेवू नका हेही त्यांना निक्षून सांगितलं आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत लिंबच्या थरांमधला गोंद सुटू शकतो, लिंब पिळवटतात.

सध्या

आता काम २५ ते ३५ मीटरच्या पट्ट्यात चालू आहे. तिथे कमान उतरणीला लागलेली असते, गॅप दर मीटरला सहा-सात सेंटिमीटरने बदलतो. २७ मीटर असलेलं टार्गेट ३० समजलं तर बाण १६-१८ सेंटिमीटरने चुकतो. जवळच्या अंतरावर काकांची मोजणीची नजर काही कामाची नव्हती, इथे ती सोन्याची आहे. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी खुंट्या ठोकल्या आहेत. ते खुंटीवर उभे राहतात, आधी अंतर मोठ्याने सांगतात, मग गॅप सांगतात, मग मारतात, आणि शेवटी टेप लावून अंतर मोजतात. अंतर बरोबर आणि बाण चुकीचा असेल तर ड्रॉचा व्हिडिओ पाहायचा. अंतरच चुकलं असेल तर बाणाकडे पाहायचंच नाही.

४० पौंडांच्या लिंबचा विषय ते दर आठवड्याला काढतात. सहाव्या बाणानंतरची दहा सेकंदांची कसोटी ३५ वर ते पार करतात, पण ऊन चढल्यावर नाही. थंडी पडल्यावर पुन्हा घेऊ असं ठरलं आहे.